किरायेदार खोली सोडताना: डिपॉझिटमधून काय कापावे, काय कापू नये

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात, आणि त्यामुळे बदली झालेल्या शिक्षकांची, आरोग्य सेविकांची, बँकेतल्या कर्मचाऱ्यांची खोल्या सोडण्याची आणि नव्या धरण्याची घाई मे आणि जून या दोन महिन्यांतच होते. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावी घराच्या मागच्या अंगाला तीन खोल्या आणि रस्त्याच्या तोंडाला एक दुकानाचा गाळा आम्ही बऱ्याच वर्षांपासून किरायाने देत आलो आहोत. या हंगामात गावातल्या मालकांचे आणि किरायेदारांचे जे वाद कानावर येतात, त्यांतले बहुतेक डिपॉझिटचे असतात. मालक म्हणतो, रंगाला पैसे लागतात. किरायेदार म्हणतो, मी काय भिंत खाल्ली? या प्रकरणात माझे मत मालकांच्या मंडळींना फारसे रुचत नाही, तरी ते लिहून ठेवतो. डिपॉझिट हे शेवटच्या दिवसापर्यंत किरायेदाराचेच पैसे असतात. त्यातून कापायचे ते केवळ त्याच्या हातून किंवा त्याच्या निष्काळजीपणामुळे झालेल्या नुकसानापुरते. काळाने, उन्हाने आणि जमिनीने घराचे जे केले, त्याचा खर्च घर ज्याचे आहे त्याने सोसावा.

हे केवळ चांगुलपणाचे बोलणे नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०८ मध्ये भाडेपट्टेदाराने मालमत्ता जशी ताब्यात घेतली तशीच परत करावी असे सांगताना दोन अपवाद स्पष्ट केलेले आहेत: वाजवी वापरामुळे होणारी झीज आणि ज्याच्यापुढे कोणाचे काही चालत नाही असे नैसर्गिक संकट. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे जागा वापरण्याची नुसती परवानगी, हा कायद्याच्या भाषेत भाडेपट्टा नसतो, हे खरे आहे. परंतु झीज कोणती आणि नुकसान कोणते हे ठरवायला याहून बरे माप माझ्या पाहण्यात नाही. तसेच भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे, करार मोडल्यास अमुक रक्कम जप्त होईल असे कागदावर लिहिलेले असले, तरी ती रक्कम ही भरपाईची कमाल मर्यादा ठरते आणि मिळते ती वाजवी भरपाईच. त्यामुळे “डिपॉझिट परत मिळणार नाही” एवढे एक वाक्य छापून घेतले की सगळी रक्कम आपली झाली, हा समज मालकांनी सोडून द्यावा.

आपल्या भागात सर्वात जास्त भांडणे कूलरमुळे होतात. मार्चपासून जूनपर्यंत कूलरशिवाय येथे राहता येत नाही, हे मालकालाही ठाऊक असते. तरी खिडकीला कूलर बसवायची सोय पुष्कळ घरांत केलेलीच नसते. मग किरायेदार खिडकीचे गज कापतो, लाकडी चौकटीत खिळे ठोकतो, लोखंडी स्टँड भिंतीत रोवतो, आणि टाकीतून झिरपणारे पाणी चार महिने त्याच भिंतीवरून उतरत राहते. बोअरचे पाणी जड असेल तर खाली पांढऱ्या क्षारांचा थर चढतो, प्लास्टर फुगते आणि पावसाळा संपेपर्यंत पोपडे सुटू लागतात. येथे जबाबदारी कोणाची? माझ्या मते दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. कूलर लावणे हा खोलीचा सामान्य वापर आहे, त्यामुळे खिडकीखाली थोडा डाग पडणे ही झीजच धरली पाहिजे. परंतु टाकी गळते आहे हे दिसत असताना ती बदलली नाही, जादा पाणी बाहेर काढणारी नळी लावली नाही आणि त्यामुळे प्लास्टर विटेपर्यंत सुटले, तर ते निष्काळजीपणाचे नुकसान आहे आणि तेवढ्या भागाचे प्लास्टर व रंग यांचा खर्च कापणे योग्य आहे. न विचारता कापलेले गज पुन्हा वेल्डिंग करून घेण्याचा खर्चही किरायेदाराचाच. आम्ही आता प्रत्येक खोलीच्या एका खिडकीला बाहेरून सिमेंटचा ओटा बांधून दिला आहे आणि पाणी जाण्यासाठी पाइप सोडला आहे. त्यानंतर या विषयावर बोलण्याची वेळच आली नाही.

भिंतींच्या भेगांचा प्रश्न याहून नाजूक आहे, कारण तो डोळ्यांना फसवतो. आपली काळी जमीन पावसात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून फाटते. त्या मातीतल्या चिकणखनिजांचा हा स्वभाव आहे, आणि पाया खाली मुरमापर्यंत नेलेला नसेल तर वरची भिंत दर वर्षी थोडी थोडी हलत राहते. खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून निघून तिरपी वर चढणारी, मे महिन्यात बोट जाईल इतकी रुंद होणारी आणि श्रावणात जवळजवळ मिटणारी भेग ही मातीची करणी असते. कोणत्याही किरायेदाराला ती पाडता येत नाही. गंमत अशी की खोली सोडण्याचा हंगाम आणि भेग सर्वाधिक रुंद दिसण्याचा हंगाम एकच आहे. त्यामुळे पाहणी करणाऱ्या मालकाला ती नवीन वाटते. आमच्याकडे राहिलेले एक शिक्षक जाताना नेमके यावरच बोलले होते. “काकाजी, कूलरखालची भिंत आमच्यानं खराब झाली, थे मले मान्य हाय. पण हे भेग आमी आलो तवाच होती, माह्या मोबाइलात फोटो हाय.” त्यांनी फोटो दाखवला आणि त्यावर तारीखही होती. त्यांच्याकडून कूलरखालच्या प्लास्टरचे पैसे घेतले, भेगेचे घेतले नाहीत. फोटो नसता तरी भेगेचे पैसे घ्यायला नकोच होते, कारण ती भेग त्यांच्या खोलीत सुरू होऊन शेजारच्या, माझ्याच घराच्या भिंतीत गेलेली होती. परंतु फोटोमुळे कोणाचा आवाज चढला नाही. वाळवीचेही असेच आहे: जमिनीतून चौकटीत चढलेली वाळवी किरायेदाराची नसते, मात्र ती दिसत असूनही त्याने महिनोन्महिने कळवले नाही, तर त्याला दोन शब्द ऐकवायला हरकत नाही.

रंगाचा हिशेब मालक सर्वात जास्त चुकवतात. एका खोलीच्या रंगाला मजुरी आणि सामान मिळून ६,००० रुपये लागतात असे समजा, आणि तो रंग साधारण चार वर्षे चांगला राहतो असे धरा. किरायेदार तीन वर्षे राहून गेला असेल, तर त्या रंगाचे तीन भाग आयुष्य त्याने भरलेल्या किरायातच संपले. त्याच्या मुलांनी भिंतीवर खडूने आणि पेनाने भरपूर चित्रे काढलेली असली, तरी मालकाचे खरे नुकसान उरलेल्या एका वर्षाचे, म्हणजे १,५०० रुपयांचे आहे. एकच भिंत खराब असेल तर त्याहूनही कमी. पूर्ण ६,००० कापणारा मालक जुना रंग देऊन नवा रंग घेतो. केंद्र सरकारने २०२१ साली मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्याच्या परिशिष्टात भिंतींना चुना लावणे आणि दारे-खिडक्या रंगवणे ही कामे मालकाकडे दिली आहेत. नळ आणि त्याचे वॉशर बदलणे, नाली साफ करणे, बटणे व सॉकेट दुरुस्त करणे, कुलपे, खिडकीच्या काचा आणि जाळ्या बदलणे ही कामे भाडेकरूकडे आहेत. राहत्या घरासाठी डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त घेऊ नये, असेही त्यात म्हटले आहे. तो नमुना आहे आणि राज्याने स्वीकारल्याखेरीज बंधनकारक होत नाही; पण नवीन करार लिहिताना ही विभागणी जशीच्या तशी उचलली, तरी निम्मे वाद मिटतात. खिळ्यांच्या भोकांवर मी बोलत नाही. फोटो, कॅलेंडर आणि देवघराची फळी भिंतीवर लागणारच.

साफसफाईचे पैसे कापण्याची पद्धत शहरातून आली असावी. खोली झाडून, मोरी घासून, संडास धुऊन आणि आपले भंगार उचलून देणे एवढी अपेक्षा रास्त आहे, आणि ते केले नसेल तर एका दिवसाची मजुरी कापता येते. परंतु शौचालयाची टाकी उपसण्याचा पूर्ण खर्च जाणाऱ्या किरायेदारावर टाकणे मला पटत नाही, कारण ती टाकी कित्येक वर्षांपासून, कित्येक कुटुंबांमुळे भरत आलेली असते. खोलीत चूल पेटवून छत काळे केले असेल तर गोष्ट वेगळी. आमच्याकडे एका किरायेदाराने आतल्या खोलीत कापूस भरून ठेवला होता. भाव वाढेल या आशेने कापूस घरात ठेवणे आपल्याकडे नवे नाही, पण तो निघाल्यावर खोलीत राहायला आलेल्यांच्या अंगाला खाज सुटली. खोली धुऊन, फवारणी करून घेण्याचा खर्च त्याने स्वतःहून दिला. राहण्यासाठी घेतलेल्या खोलीचा साठवणुकीसाठी वापर झाला होता, त्यामुळे तो खर्च मागणे मला गैर वाटले नाही.

दुकानाच्या गाळ्याचे गणित आणखी निराळे आहे. आमचा गाळा काही वर्षे खते-बियाण्यांच्या दुकानाला दिलेला होता. रासायनिक खत हवेतली ओल ओढून घेते, फाटलेल्या पोत्यांतून सांडलेले क्षार फरशीच्या सांध्यांत आणि भिंतीच्या बुडाशी मुरतात, आणि मग लोणा लागून प्लास्टर हातभर उंचीपर्यंत झडते. वरून नुसता रंग दिला तर तो एका पावसाळ्यातच सुटतो. जुने प्लास्टर विटेपर्यंत खरवडून पुन्हा करावे लागते. नुकसान खरे होते, खर्चही मोठा होता, परंतु गाळा खतांच्या दुकानासाठीच दिला होता आणि किरायाही त्या मानाने ठरला होता. शेवटी पोती लाकडी फळ्यांवर न ठेवता थेट भिंतीला टेकवून रचली होती, एवढ्याच कारणाने निम्मा खर्च दुकानदाराने आणि निम्मा आम्ही सोसला. पुढच्या करारात फळ्यांची आणि भिंतीपासून अंतर राखण्याची अट लिहिली. ती अट आधीच लिहिलेली असती तर पूर्ण खर्च मागता आला असता, असे काहींचे म्हणणे पडले. मला तरी गाळ्याचे वय पाहता निम्मा भागच न्याय्य वाटतो.

किरायेदारांच्या एका सवयीबद्दलही लिहिले पाहिजे. “शेवटच्या दोन महिन्यांचा किराया डिपॉझिटमधून वळता करा” असे सांगून पैसे देणे थांबवायचे आणि सामान भरून निघून जायचे, हे सर्रास चालते. अशा वेळी फुटलेल्या बेसिनचे किंवा जळालेल्या मोटरचे पैसे मागायला मालकाच्या हाती काहीच उरत नाही. ज्या मालकांनी पूर्वी विनाकारण डिपॉझिट दाबून ठेवले, त्यांच्यामुळे ही सवय लागली, हे मला मान्य आहे; तरीही ती चांगली नाही. खोली रिकामी होईल त्याच दिवशी हिशेब करून पैसे देण्याचा लौकिक असलेल्या मालकाकडे किरायेदार सहसा असे करत नाहीत, असा आमचा अनुभव आहे.

कागदाचा भाग मालकांनी विशेष गांभीर्याने घ्यावा. पूर्वी आपल्याकडे मध्यप्रांत व वऱ्हाडचा १९४९ चा भाडे नियंत्रण आदेश लागू होता. त्याची जागा ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ ने घेतली. हा कायदा त्याच्या अनुसूचींमध्ये दिलेल्या क्षेत्रांना लागू होतो, म्हणून आपले गाव त्यात येते का हे आधी पाहून घ्यावे. तो जेथे लागू आहे तेथे कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची असते. नोंदणी नसेल तर अटींबाबत वाद झाल्यास, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणजे “रंगाचे तोंडी ठरले होते” असे सांगणाऱ्या मालकाची बाजू आधीच लंगडी असते. त्याच कायद्याच्या कलम १४ प्रमाणे, वेगळे काही ठरलेले नसेल तर, घर राहण्याजोगे दुरुस्त ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे. गळणाऱ्या पत्र्यांकडे दोन पावसाळे दुर्लक्ष करून नंतर ओल आलेल्या भिंतीचे पैसे किरायेदाराकडून कापणे या कलमापुढे टिकणार नाही.

आमची रीत सध्या अशी आहे की खोली देताना आणि घेताना दोघांनी मिळून दिवसाउजेडी पाहणी करायची, प्रत्येक भिंतीचा, छताचा, मोरीचा आणि बटणांच्या बोर्डाचा फोटो काढायचा आणि ते फोटो दोघांच्याही मोबाइलवर ठेवायचे. कपात करायची झाल्यास कोणत्या कामाचे किती, हे कागदावर लिहून मिस्त्रीची किंवा दुकानाची पावती जोडायची. पावती नसलेली रक्कम कापायची नाही, आणि काम स्वतःच करून द्यायचे असे किरायेदार म्हणाला तर त्याला चार दिवस द्यायचे. वीज मीटर मालकाच्या नावावर असल्यामुळे थकबाकी आपल्याच गळ्यात पडते; म्हणून सोडण्याच्या दिवसाचे रीडिंग दोघांनी पाहून लिहावे आणि महावितरणचे आधीचे बिल भरल्याचे तपासावे. पुढचे बिल यायला वेळ असतो, तेव्हा त्या रीडिंगवरून अंदाजे रक्कम तेवढी बाजूला ठेवावी, बाकीचे डिपॉझिट त्याच दिवशी बँकेतून किंवा मोबाइलवरून पाठवावे, आणि बिल आल्यावर जो काही फरक निघेल, तोही परत करावा.