बोरीचा काटा आणि शास्त्राच्या बाई

शाळेच्या आठवणी लिहून पाठवा, असं शाळेच्या महोत्सव समितीचं पत्र आलं त्या संध्याकाळी मी लिहायला बसले. प्रार्थना, मधल्या सुट्टीतले डबे, स्नेहसंमेलन, सगळं आठवत होतं, पण कुठूनही सुरुवात केली तरी गाडी शास्त्राच्या बाईंपाशीच येऊन थांबत होती. म्हणून बाकीचं राहू दे, बाईंबद्दलच लिहिते. इतर गुरुजनांनी कृपया राग मानू नये. आमच्या १९८४ च्या तुकडीतल्या कुणालाही विचारा, तीही हेच लिहील.

आठवीत असताना बाईंनी आम्हाला वेताळ टेकडीवर नेलं होतं. वनस्पतींचे नमुने गोळा करायचे होते, पण आमचं सगळं लक्ष बोरांवर. फांदी ओढताना बोरीचा काटा माझ्या उजव्या तळहातात खोल गेला आणि आत मोडला. बाईंनी तो सुईनं काढला, जखम धुतली आणि आईसाठी चिठ्ठी दिली, ‘धनुर्वाताचं इंजेक्शन आजच द्यावं.’ दुसऱ्या दिवशी हात सुजून लाल झाला, ठणकायला लागला. मग पू धरला आणि काखेत अवधाण, म्हणजे दुखरी गाठ, आलं. आजी म्हणाली, हात शेकत जा. बाईंनी मात्र वर्गात मला पुढे बोलावलं आणि ‘पचनसंस्था’ हा चालू धडा थांबवला.

पुढचे काही दिवस आमचा शास्त्राचा तास म्हणजे माझा तळहात. बाईंनी फळ्यावर हाताची बाह्याकृती काढली आणि रोज त्यात भर घालत गेल्या. कातडी शाबूत असते तोवर बहुतेक जंतू बाहेरच राहतात. अश्रूंत आणि लाळेत जंतूंची भित्तिका फोडणारं विकर (एन्झाइम) असतं, नाकातला शेंबूड त्यांना चिकटवून ठेवतो, जठरातलं आम्ल गिळलेले जंतू मारतं. काट्यानं ही कातडीच फाडली. आत ऊतींमध्ये आधीपासून ठाण मांडून असलेल्या भक्षक पेशींना जंतूंचा स्पर्श झाला आणि त्यांनी रसायनं सोडली. त्यामुळे जवळच्या रक्तवाहिन्या रुंदावल्या, त्यांच्या भिंतींतून पाणी पाझरलं, म्हणून सूज, लाली आणि ऊब. काही तासांत रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्या भिंतींच्या फटींतून बाहेर पडून जंतू गिळायला लागल्या. गिळता गिळता त्या स्वतःही मरतात, आणि त्यांचा खच म्हणजे पू. ‘पू दिसला म्हणजे शरीर हरलं असं नाही, काम चालू आहे असं समजायचं,’ हे बाईंचं वाक्य मला आजही पाठ आहे.

मग त्यांनी मेचनिकॉफची गोष्ट सांगितली. १८८२ साली सिसिलीतल्या मेसिना इथे या रशियन शास्त्रज्ञानं तारामाशाच्या पारदर्शक डिंभात (अळीत) काटे खुपसले. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तर काट्याभोवती पेशी गोळा झालेल्या. भक्षक पेशींची कल्पना तिथून पुढे आली, आणि १९०८ चं नोबेल त्यांना पाउल एर्लिख यांच्याबरोबर विभागून मिळालं. माझ्या हातातला काटा आणि मेचनिकॉफचा काटा बाईंनी फळ्यावर शेजारी शेजारी काढले. तेरा वर्षांच्या मुलीला याहून मोठा सन्मान कुठला?

काखेतल्या गाठीचं उत्तर त्यांनी शेवटी दिलं. ऊतींतला पाझर, म्हणजे लसीका (लिम्फ), लसीकावाहिन्यांतून काखेतल्या ग्रंथींपर्यंत जातो, सोबत जंतूंचे तुकडे जातात. ग्रंथीत लक्षावधी लसीकापेशी असतात आणि प्रत्येकीच्या अंगावरची खूण वेगळी. त्या तुकड्याशी जिची खूण जुळते तीच वाढायला लागते, एकीच्या हजारो होतात आणि ग्रंथी फुगते. त्यातल्या बी पेशी जंतूंना चिकटणारी प्रथिनं, म्हणजे प्रतिपिंडं, रक्तात सोडतात. टी पेशी, ज्या छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत तयार होऊन येतात, त्यातल्या काही इतरांना उत्तेजन देतात आणि काही विषाणूंनी व्यापलेल्या आपल्याच पेशी नष्ट करतात. या सगळ्याला पहिल्या खेपेस आठवडा-दोन आठवडे लागतात. काम झालं की बहुतेक पेशी मरतात, थोड्या मागे राहतात, आणि तोच जंतू पुन्हा आला की त्या फार लवकर उठतात. तुकडे ग्रंथीपर्यंत वाहून नेणाऱ्या शाखायुक्त पेशी राल्फ स्टाइनमन यांनी १९७३ मध्येच वर्णिल्या होत्या, पण त्या आमच्या पुस्तकात नव्हत्या. मला त्या पुढे एम.एस्सी.ला भेटल्या.

बाई शरीराला किल्ला आणि पेशींना सैनिक कधीच म्हणत नसत. सैनिकांना सेनापती हुकूम देतो, इथे हुकूम देणारं कुणी नाही, एकीनं सोडलेलं रसायन दुसरीला जाणवतं आणि त्यातून सगळं घडतं, असं त्यांचं म्हणणं. मला वाटतं, हे इतक्या नेमकेपणानं सांगणारं माणूस मला नंतर विद्यापीठातही क्वचितच भेटलं.

त्याच आठवड्यात बाई १८९७ च्या पुण्यावर आल्या. गाठीच्या प्लेगमध्ये सुजत त्या याच ग्रंथी, काखेतल्या आणि जांघेतल्या. फरक इतकाच की प्लेगचा जंतू भक्षक पेशीच्या पोटात जाऊनही जगतो आणि ग्रंथीत वाढतो. त्या जानेवारीत मुंबईत जंतुशास्त्रज्ञ हाफकिन यांनी मारलेल्या जंतूंची लस आधी स्वतःला टोचून घेतली होती. आणि इकडे सावित्रीबाई प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता १० मार्चला त्याच रोगानं गेल्या. हे सांगताना बाईंचा आवाज बदलला होता. मी सूक्ष्मजीवशास्त्राकडे वळले ते त्या तासामुळे.

१९८७ साली जपानी शास्त्रज्ञ सुसुमु तोनेगावा यांना नोबेल मिळालं तेव्हा मी बी.एस्सी. करत होते. बाईंनी वर्तमानपत्रातलं कात्रण माझ्या घरी पाठवलं. जंतू आल्यावर त्याच्या मापाचं प्रतिपिंड घडवलं जात नाही, जनुकांचे तुकडे निरनिराळ्या प्रकारे जोडून शरीर कोट्यवधी नमुने आधीच तयार ठेवतं, हे तोनेगावांनी दाखवून दिलं होतं. कात्रणाच्या कडेला बाईंनी पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘आठवीत शिकवताना मला हे पूर्ण माहीत नव्हतं. आता तू मुलांना नीट सांग.’

मी आज महाविद्यालयात हाच विषय शिकवते. ९ मार्च २०२० ला राज्यातले पहिले कोरोनाचे रुग्ण आपल्या पुण्यातच सापडले आणि नायडू रुग्णालयाचं नाव घरोघरी पोचलं. त्याच महिन्यात इथल्याच राष्ट्रीय विषाणू संस्थेत तो विषाणू वेगळा करण्यात यश आलं. पुढच्या वर्षी हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटमधून लसीच्या गाड्या निघाल्या तेव्हा सोसायटीतल्या काका-काकू मला जिन्यात गाठून विचारायचे, लस घेऊन ताप का येतो, दुसरी मात्रा कशाला, दोन आठवडे थांबायचं कशासाठी? मी त्यांना माझ्या तळहाताची गोष्ट सांगायचे. ताप म्हणजे त्या पेशींनी सोडलेल्या रसायनांचा परिणाम, दोन आठवडे म्हणजे ग्रंथीत पेशी वाढायला लागणारा वेळ, दुसरी मात्रा मागे राहिलेल्या पेशींना पुन्हा उठवण्यासाठी. ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ अशा जाहिराती तेव्हा जिकडेतिकडे होत्या. बाई असत्या तर त्यांनी विचारलं असतं, कुठली पेशी वाढवणार? ही यंत्रणा भलतीकडे वळली तर दमा होतो, संधिवात होतो, हेही लोकांना सांगायला हवं.

गेल्या दिवाळीनंतर शाळेत आले होते. प्रयोगशाळेच्या जागी आता संगणक कक्ष आहे. संगणक हवेतच. पण बाईंनी आपल्याच बोटाला सुई टोचून, लिशमनच्या रंगानं रंगवून जी काचपट्टी आम्हाला दाखवली, शेकडो तांबड्या पेशी ओलांडल्यावर ती एक जांभळ्या, खंडित केंद्रकाची पांढरी पेशी सापडायची, ते मुलांना पडद्यावरच्या चित्रात मिळत नाही. सूक्ष्मदर्शक कपाटात बंद आहेत, हे पाहून फार वाईट वाटलं.

समितीला माझी विनंती आहे. बाईंच्या नावानं मी शाळेला दोन सूक्ष्मदर्शक आणि रक्ताच्या तयार काचपट्ट्यांचा संच देते आहे. ठेवायला एक टेबल आणि खिडकीजवळची जागा मिळाली तरी पुरे. आठवीच्या तुकड्यांसाठी दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी येईन. मुख्याध्यापकांनी जूनपासून वेळ ठरवून कळवावी.