पूना, पूनक, पुणं

काल नागपूरहून पुण्यात आले. आज आत्यासोबत शनिवारवाड्यावरून चालत कसब्यात गेले. गणपतीचं दर्शन घेऊन ओट्यावर टेकलो, तेव्हा तिने पर्समधून आजोबांचं पोस्टकार्ड काढलं. शिक्का अर्धा पुसलाय, पण इंग्रजीतलं ‘पूना’ अजून वाचता येतं. हे स्पेलिंग १९७८ मध्ये बदललं, एवढंच मला ठाऊक होतं. पण इसवी सन ७६८ च्या राष्ट्रकूट ताम्रपटात ‘पूनक विषय’ आहे! विषय म्हणजे तेव्हाचा प्रांत. आणि १७०३ मध्ये औरंगजेबाने इथे वारलेल्या नातवावरून गावाला ‘मुहियाबाद’ केलं. लोक मात्र पुणंच म्हणत राहिले. मला याचं फार अप्रूप वाटलं. आत्याने कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट घातलं, माझ्या हातात दिलं. म्हणाली, “आता तूच सांभाळ.”