कितीला पडला?

रविवार, रात्री

काल संभाजीनगर रोडच्या एका लॉन्सवर चुलत नणंदेच्या मुलीचं लग्न होतं. लेहंगा मुंबईच्या कुठल्याशा डिझायनरचा. नाव दोनदा ऐकूनही माझ्या लक्षात राहिलं नाही. किंमत मात्र राहिली, कारण मुहूर्ताआधीच ती सगळ्या मांडवात फिरली होती: पावणेदोन लाख. बायका जवळ जायच्या, "छान आहे हं, जड होतो का गं?" एवढं विचारायच्या आणि जेवणाच्या रांगेकडे वळायच्या.

मग नवरीच्या आजी आल्या. अंगावर त्यांच्या स्वतःच्या लग्नातली येवल्याची पैठणी, मोरपिशी रंग उडून राखाडीकडे झुकलेला. बघता बघता त्यांच्याभोवती कोंडाळं झालं. एकीने तर विचारलंसुद्धा नाही, सरळ पदर हातात घेऊन उलटा केला. हातमागावरच्या पदराला उलटी बाजू जवळजवळ नसतेच. मोर पुढून जेवढा रेखीव, तेवढाच मागून. यंत्रमागाची असली तर मागे धागे आडवे धावलेले नाहीतर कापलेले दिसतात. तिने मोराच्या मानेवरून अंगठा फिरवला, नखाने जर किंचित खरवडून पाहिली आणि मान डोलावली. पास! आजींनीही पदर सोडवून घेतला नाही. अशा परीक्षांची त्यांना सवय असावी.

लेहंगा वाईट नव्हता. त्याची परीक्षा घेता येईल असं त्या मांडवात कोणी नव्हतं, एवढंच. त्यामुळे किंमत तोंडाने सांगावी लागली, आणि तोंडाने सांगितली की ती बढाई होते.

पतसंस्थेत ठेवींच्या काउंटरवर बसून मी रोज याचीच दुसरी बाजू बघते. दिंडोरी-निफाडकडचे द्राक्ष बागायतदार येतात. पांढरा पायजमा, टोपी, खिशात दुमडून कोंबलेलं चेकबुक, चपलेला बागेतली माती. नवा वॉचमन ब्लेझरवाल्याला खुर्ची देतो आणि यांना "बाबा, रांगेत या" म्हणतो. ब्लेझरवाला बऱ्याचदा थकलेल्या हप्त्याला मुदत मागायला आलेला असतो. तात्यांना न्यायला मॅनेजरसाहेब केबिनमधून उठून येतात. हे कळायला वॉचमनला थोडे दिवस लागतात, मग तो टोपी दिसली की सलाम ठोकतो. तेही चूकच म्हणा.

यावरून कपड्यात काही नसतं असं म्हणून मोकळं होता येतं. साधी राहणी म्हटलं की आपल्याकडे सगळ्यांच्या माना डोलतात. पण तात्यांचा साधेपणा सातबाऱ्यावर उभा आहे. मळक्या शर्टाने त्यांची पत तसूभरही हलत नाही. त्यांच्याच बागेत छाटणीला येणाऱ्या मजुराने तोच शर्ट घालून कर्ज मागायला यावं, मग बघा.

आपल्या नाशकात गोदावरीवर गाडगे महाराजांच्या नावाचा पूल आहे. बाबांनी जन्मभर चिंध्या पांघरल्या आणि लोक त्यांच्या पाया पडले. पण चिंध्या त्यांनी स्वतः निवडल्या होत्या. ज्यांच्यावर त्या लादल्या गेल्या, त्यांना कोण पाया पडणार? १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी बायकांना मुद्दाम सांगितलं होतं की ज्या नेसण्यावरून आणि दागिन्यांवरून तुमची जात ओळखू येते, ते सोडा. लुगडं इतर बायकांसारखं नेसा. १९३० मध्ये इथेच काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. बाबासाहेबांचा सूट डोळ्यासमोर आणला की कपड्याला वरवरची गोष्ट म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण तिथे प्रश्न अंगावर नीट, स्वच्छ, आपल्याला हवं ते घालायच्या हक्काचा होता. साडेचार हजारांच्या शर्टाचा नव्हता.

साडेचार हजार म्हणायचं कारण आमचा शिपाई मुलगा. मंगळवारी त्याचा अंबडच्या एका कंपनीत इंटरव्ह्यू आहे. "ताई, कॉलेज रोडला ब्रँडेड शर्ट बघून ठेवलाय, हप्त्यावर मिळतोय." पगार बारा हजार. मी सांगितलं, मेन रोडवरून कापड घे, शिंप्याकडे टाक, खांद्याची शिवण खांद्यावर बसली की निम्मं काम झालं, आणि उरलेल्या पैशांत बूट घे. तो "हो ताई" म्हणाला, तेव्हाच ओळखलं.

संध्याकाळी व्हॉट्सॲपवर फोटो आला. शर्ट तोच. छातीवरचं चिन्ह फोटोत नीट यावं म्हणून किंचित तिरका उभा राहिलाय. खूश दिसतोय पोरगा, आणि ही नोकरी मिळाली तर हप्ते फिटतीलही. बाही मात्र मनगटाच्या खाली दोन बोटं लोंबतेय. "छान दिसतोस रे" असं लिहिलं आणि उद्या शर्ट ऑफिसला घेऊन यायला सांगितलं. भद्रकालीत अल्टर करून देणारे एक काका आहेत, डबा खाऊन होईपर्यंत बाही आखूड करून देतात.