जागा घेतली कुणी, सोडायची कुणी?

भोसरीतल्या एका कारखान्यात यंत्रांची मापे गोळा करणारा आमचा सी भाषेतला प्रोग्राम साधारण आठवड्याभरात बंद पडत असे आणि पुन्हा सुरू केला की मुकाट चालू लागे, त्यामुळे बरेच दिवस सगळा दोष विजेवर ढकलला गेला. त्या छोट्या बोर्डावर एकूण रॅम ६४ एमबी होती. टॉप या, प्रोग्राम किती मेमरी वापरतो ते दाखवणाऱ्या कमांडमधला आकडा रोज सुमारे ५ एमबीने चढतो आहे, हे लक्षात आल्यावर मी नोंदवून ठेवलेले संदेश घेऊन कोथरूडला घरी लॅपटॉपवर तोच प्रोग्राम व्हॅल्ग्रिंड या मेमरीच्या चुका शोधणाऱ्या साधनाखाली चालवला.

अहवालात ५१२ बाइटांचे तुकडे ‘डेफिनेटली लॉस्ट’, म्हणजे न सोडताच पत्ता हरवलेले, म्हणून दिसले आणि मॅलॉकची, म्हणजे मेमरीत जागा मागणाऱ्या फंक्शनची, ओळही मिळाली. मात्र व्हॅल्ग्रिंड जागा कुठे घेतली एवढेच दाखवते. ती कुठे सोडायला हवी होती, हे आपणच शोधायचे असते. संदेशाची चेकसम (तो नीट पोचला का हे पडताळणारी बेरीज) चुकली की तपासणीचे फंक्शन मध्येच परतत होते आणि त्या संदेशाची जागा तशीच राहत होती. असे खराब संदेश दिवसाला दहा हजारांच्या आसपास येत, म्हणजे हिशेब बरोबर जुळला.

मी त्या फंक्शनमध्ये परतण्याआधी फ्री, म्हणजे घेतलेली जागा सोडणारे फंक्शन, लिहिले आणि शिस्त म्हणून पॉइंटरला (जागेचा पत्ता ठेवणाऱ्या चलाला) नल, म्हणजे ‘कुठलाच पत्ता नाही’, असे मूल्य दिले. त्याच दुपारी माझ्या वरिष्ठांनीही, मला न सांगता, ते फंक्शन बोलावणाऱ्या फंक्शनमध्ये फ्री घातले. दोन्ही बदल एकत्र येताच प्रोग्राम ‘डबल फ्री डिटेक्टेड’, म्हणजे एकच जागा दोनदा सोडली, म्हणत कोसळला. नलला फ्री केले तर काहीच होत नाही, मग हे कसे? फंक्शनला पॉइंटरची प्रत मिळते. मी नल केली ती माझी प्रत, त्यांच्याकडे जुना पत्ता तसाच होता. “अहो, मग मालक कोण ते आधी ठरवा,” असे ते म्हणाले. ठरले असे की संदेश साठवायच्या यादीत गेला तर तो यादीचा, नाहीतर ज्याने मॅलॉक केले त्यानेच फ्री करायचे. माझे फ्री मी काढून टाकले.

यादी रिकामी करणाऱ्या लूपमध्ये आणखी एक चूक निघाली, आणि ती माझीच होती. मी नोड, म्हणजे संदेश आणि पुढच्या नोडचा पत्ता ठेवणारा यादीतला एक दुवा, फ्री करून मग त्याच नोडमधून पुढचा पत्ता वाचत होतो. तो पत्ता नोडच्या रचनेच्या शेवटी असल्यामुळे बहुतेक वेळा शाबूत सापडे आणि सगळे सुरळीत वाटे, पण सोडलेल्या जागेतून केलेले हे वाचन व्हॅल्ग्रिंडने ‘इनव्हॅलिड रीड’ म्हणून पकडले. आता पुढचा पत्ता आधी वेगळा ठेवतो, मग नोडमधला संदेश सोडतो आणि शेवटी नोड.

नवा प्रोग्राम बोर्डावर चढवल्यावर तिसऱ्या दिवशी वरिष्ठांचा फोन आला, की फ्री करूनही टॉपमधला आकडा उतरत नाही. सोडलेली जागा मॅलॉक आणि फ्री पुरवणारी सीची लायब्ररी पुढच्या मॅलॉकसाठी बहुधा स्वतःकडेच राखते, लगेच सिस्टिमला परत करत नाही, असे मी सांगितले. आकडा चढतो आहे का, एवढेच बघा म्हटले. तो चढत नव्हता.