दोन्ही बाजूंनी मार

आज पुण्यात शिकणाऱ्या एका इराणी मित्राशी बराच वेळ बोललो. राजवटीवर त्याचा राग जुनाच. पण बाहेरच्या फौजांनी ती पाडली तर, असं विचारल्यावर तो थेट १९५३ वर गेला. तेव्हाचे इराणी पंतप्रधान मोसादेक यांनी तेल उद्योगाचं राष्ट्रीयीकरण केलं म्हणून ब्रिटन-अमेरिकेने त्यांचं सरकार उलथवलं आणि शहा, म्हणजे इराणचा राजा, १९७९ पर्यंत टिकला. जून २०२५ मध्ये इस्रायलने तेहरानच्या एविन तुरुंगावर बॉम्ब टाकले. तिथे राजवटीचेच विरोधक डांबलेले! भेटीला आलेले नातेवाईकही मेले. (आपल्या चॅनेलांवर तेव्हा क्षेपणास्त्रांचे पल्ले मोजणं चालू होतं.)

मी म्हटलं, हुकूमशहा असदला वाचवायला सीरियात इराणही घुसलाच होता ना?

"हो. आम्हाला कुणी विचारलं होतं?"