पट्टीने काढलेला बाक

लेकीच्या आलेख कागदावर रविवारी पतंगाचा खालचा अर्धा भाग दिसला. समीकरण साधं होतं, य = क्ष² − ४क्ष + ३. तक्ताही बिनचूक. क्ष ० ते ४, य अनुक्रमे ३, ०, उणे १, ०, ३. कोपऱ्यात प्रमाण लिहिलेलं, दोन्ही अक्षांवर १ सेमी = १ एकक. एवढं सगळं नीट करून बाईसाहेबांनी पाचही ठिपके पट्टीने जोडून टाकले होते.

चूक माझ्या ओळखीची. रेषीय समीकरणांनी हाताला तीच सवय लागते. दोन ठिपके पुरतात, तिसरा नुसता पडताळ्याला. पट्टी लावा, रेघ ओढा, मार्क घ्या.

"दीडला काय येतं बघ."

"दीड तक्त्यात नाहीये, बाबा."

"म्हणूनच बघ."

तिने कुरकुरत मांडलं. २.२५ वजा ६ अधिक ३, म्हणजे उणे ०.७५. पट्टीची रेघ तिथे उणे अर्ध्यावर होती. नवा ठिपका तिच्या खाली, जेमतेम पाव सेंटिमीटर. अडीचलाही तेवढाच. तिने टोक खोडलं आणि हाताने बाक काढायला घेतला. पहिला भोपळ्यासारखा झाला. तिसऱ्या खेपेला अन्वस्त, म्हणजे पॅराबोला, म्हणण्याजोगं काहीतरी उतरलं, पण तोवर कागदाला तिथे लव आली होती.

"हा क्ष-अक्षाला १ लाही कापतो, ३ लाही. मग य शून्य करणारं खरं उत्तर कुठलं?"

"दोन्ही."

तिला हे पटलं नाही. गणिताला एकच उत्तर असावं, अशी आपली पहिलीपासूनची समजूत. मग मी भास्कराचार्यांची माकडं काढली. हे आचार्य आपल्या चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखातले. त्यांचे ग्रंथ शिकवायला नातू चांगदेवाने मठ काढल्याचं तिथे कोरलंय. बाराव्या शतकातल्या त्यांच्या बीजगणितात एक कळप आहे. त्याच्या आठव्या हिश्श्याचा वर्ग रानात खेळतोय, उरलेली १२ टेकडीवर. एकूण किती? १६ चालतात, ४८ही चालतात, आणि आचार्य दोन्ही ठेवतात.

दुसऱ्या कळपाच्या पाचव्या हिश्श्यातून ३ वजा करून वर्ग केला की तेवढी गुहेत, एक फांदीवर. उत्तरं ५० आणि ५. पण पाचाचा पाचवा हिस्सा एक, त्यातून तीन कसे जाणार? उणे दोन माकडं लोकांना पटत नाहीत म्हणून पाच बाद. कारण लोकांचं दिलंय, गणिताचं नाही, हे मला भारी आवडतं.

"उणे दोनचा वर्ग चार, अधिक एक, पाच. जमतंय की!" लेक पाच माकडांच्या बाजूने उभी राहिली.

नवा कागद आला. या दुसऱ्या कळपाचं समीकरण सोडवत नेलं की उरतं य = क्ष² − ५५क्ष + २५०. पन्नासपर्यंत जायचं तर क्ष-अक्षावर १ सेमी = ५ एकक. य तर उणे पाचशेच्याही खाली जातो, तिथे १ सेमी = १०० एकक. या वेळी तक्ता लांबलचक केला आणि बाक एका दमात ओढला. पन्नासवर ठिपका दिला. पाचवर ठिपक्याला बारीकशी शेपटीही काढली.