नर म्हणून लिहिलेला मासा

मी इंग्लंडमध्ये एका लॅबमध्ये हिस्टॉलॉजीचं काम करते, म्हणजे माशांचे अवयव मेणात बसवायचे, पातळ काप काढायचे, रंगवायचे आणि मायक्रोस्कोपखाली बघायचे. मूळची मी मालवणची, घरात मासे रोजचेच, त्यामुळे नर-मादी ओळखण्यात आपली चूक होणार नाही असा भरवसा होता.

त्या एप्रिलमध्ये एका छोट्या नदीत, सांडपाणी केंद्राचा पाइप नदीला मिळतो त्याच्या खालच्या अंगाला, आम्ही रोच पकडले होते. रोच म्हणजे आपल्या रोहूच्या नात्यातला पण वीतभर, रुपेरी, लालसर परांचा मासा. विणीच्या दिवसांत नराच्या डोक्यावर-अंगावर बारीक पांढरे दाणे येतात, हात फिरवला की पॉलिश पेपरसारखं लागतं. हा तसाच खरखरीत होता, मी स्वतः तक्त्यात नर लिहिलं, आणि पोट उघडल्यावर वृषणंही दिसली, पांढरी, दुधाळ. मग शंका कसली घ्यायची.

काही आठवड्यांनी त्याची स्लाइड लावली. जांभळ्या रवाळ ठिपक्यांची गर्दी, त्या शुक्रपेशी, आणि त्या गर्दीच्या मध्येच भल्यामोठ्या गोल पेशी, आत फिकट केंद्रक आणि केंद्रकाच्या कडेकडेने मण्यांसारखे गडद ठिपके. अंडपेशी! कच्च्या, पण अंडपेशीच. माझ्या पोटात गोळाच आला, वाटलं मेणाच्या ब्लॉकची अदलाबदल केली आपण. कॅसेटवरचा, म्हणजे ब्लॉकच्या प्लास्टिकच्या चौकटीवरचा, नंबर बघितला (तो पेन्सिलनेच लिहितात, शाई सॉल्व्हंटमध्ये निघून जाते), तो बरोबर होता. ब्लॉक परत लावला, परत पाच मायक्रॉनचा काप, परत रंगवलं. तेच.

सुपरवायझरला बोलावलं. ती खुर्ची ओढून बसली आणि बराच वेळ काही बोललीच नाही, मग म्हणाली, तुझी चूक नाहीये.

हे इथे जुनंच आहे. ली नदीत असे रोच सत्तरच्या दशकाच्या शेवटीच सापडले होते, आणि 1998 मध्ये सुसान जॉबलिंग, जॉन सम्पटर वगैरे संशोधकांनी ब्रिटनच्या नद्यांचा अभ्यास छापला तेव्हा काही ठिकाणी तपासलेले सगळेच्या सगळे नर असे निघाले. हे सगळं मी वाचलेलं होतं, पण वाचणं वेगळं आणि आपण हाताने खरखरीत अंग चाचपून नर लिहिलेला मासा असा निघणं वेगळं.

कारण सांडपाण्यातून नदीत येणारं इस्ट्रोजेन, म्हणजे स्त्री-हार्मोन. लोक लगेच गर्भनिरोधक गोळ्यांवर, म्हणजे बायकांवर घसरतात, त्याचा मला खरंच राग येतो. गोळीतलं हार्मोन जास्त कडक असतं हे खरं, पण नैसर्गिक इस्ट्रोजेन सगळ्यांच्याच लघवीतून जातं, पुरुषांच्यासुद्धा. शरीर ते निष्प्रभ करून बाहेर टाकतं आणि गटारातले बॅक्टेरिया ते बांधलेलं रूप तोडून परत जागं करतात, आणि जुनी केंद्रं मैला काढायला बांधलेली, हे त्यांना पूर्ण काढता येत नाही.

आणि प्रमाण किती? गावाला येतो तो 10 हजार लिटरचा टँकर घ्या, त्यात 30 मायक्रोग्रॅम हार्मोनच्या दोन गर्भनिरोधक गोळ्या विरघळवल्या की लिटरला 6 नॅनोग्रॅम होतात. कॅनडात ओंटारिओमधल्या एका प्रायोगिक तळ्यात 2001 ते 2003 साधारण एवढंच, 5-6 नॅनोग्रॅम, मुद्दाम ठेवलं होतं, तर तिथले फॅटहेड मिनो मासे जवळजवळ संपले. थांबवल्यावर काही वर्षांनी परत वाढले, तेवढाच दिलासा.

संध्याकाळी आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "नराच्या पोटात गाबोळी? गो बाय, तुजा कायतरी चुकला असतला." म्हटलं नाही गं, साध्या डोळ्याला गाबोळी दिसत नाही, पण आत आहे. ती गप्प झाली. आयुष्यभर मासे साफ करणाऱ्या बाईचं ते गप्प होणं मला त्या स्लाइडइतकंच लागलं.

दुसऱ्या दिवशी उरलेले ब्लॉक कापले. आणखी दोन नरांत त्याच गोल पेशी निघाल्या. तक्त्यातलं नर मी खोडलं नाही, पुढे प्रत्येकात किती अंडपेशी मोजल्या तो आकडा लिहीत गेले.